जास्त पैसे, कमी सायकल

सायकलीच्या बाजाराचा एक नियम आहे. जितके पैसे जास्त, तितकी सायकल कमी. सात हजारांच्या सायकलीला स्टँड असतो, कॅरिअर असतं, दोन्ही चाकांना मडगार्ड, चेनकव्हर, पुढे टोपली, मागे कुलूप, आणि दुकानदार वर पाण्याची बाटली देतो. पंधरा हजारांच्या पुढे गेलात की कॅरिअर जातं. पंचविसात टोपलीचं नावच नको, चेनकव्हर आणि मडगार्डही जातात. चाळीस हजारांत स्टँड जातो, आणि एवढी महागाची वस्तू हातात धरून माणूस टेकायला भिंत शोधत हिंडतो. लाखांच्या घरातल्या बऱ्याच सायकलींना पायडलही नसतात. ती ज्याने त्याने आपल्या आवडीची आणायची. दहा लाखांत काय मिळतं हे मी विचारलं नाही. बहुधा नुसती पावती.

हा नियम ठाऊक नसताना मध्यम किमतीची माउंटन बाइक घ्यायला निघालेल्या माणसाचे दुकानात हाल होतात. ठाऊक असेल तर घरी होतात.

माझी गरज साधी होती. राहायला पुण्यात, कोथरूडला. उजाडता उजाडता निघावं, पाषाण-बाणेरच्या बाजूच्या मुरमाड पायवाटांवर तासभर सायकल चालवावी, एखाद्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्याकडे वाट वाकडी करावी आणि पोहे गार व्हायच्या आत घरी यावं. हिमालय ओलांडायचा नव्हता, कड्यावरून उडी मारून व्हिडिओ काढायचा नव्हता. मध्यम वयाच्या माणसाला मध्यम चढावरून मध्यम वेगाने नेईल एवढीच अपेक्षा. घोळ झाला तो किमतीपाशी.

बायकोच्या हिशेबाने मध्यम किंमत म्हणजे २० हजार, कारण शेजाऱ्यांनी मुलाला तेवढ्याची घेतली होती आणि ती "चांगली चाललीय की". दुकानदाराच्या हिशेबाने ८० हजार. माझा भाचा या विषयातला तज्ज्ञ आहे. त्याच्याकडे सायकल नाही, पण जगातल्या प्रत्येक सायकलीबद्दल मत आहे. तो म्हणाला, "मामा, दोन लाखांच्या खाली ट्रेल बाइक नसतेच. असते ती नुसती सायकल." सासऱ्यांना माझा आकडा कळू द्यायचा नाही असं घरात ठरलं होतं, त्यामुळे तो त्यांना सगळ्यांत आधी कळला. "४५ हजार?" ते म्हणाले, "जावईबापू, यात थोडे घातले की स्कूटर येते."

आपल्याकडे कुठल्याही वस्तूच्या किमतीत थोडे घातले की दुसरं काहीतरी येतंच. सायकलीत घातले की स्कूटर, स्कूटरमध्ये घातले की जुनी मोटार, मोटारीत घातले की तळेगावला प्लॉट. शेवटी काहीच न घेता माणूस पैसे मुदतठेवीत टाकतो आणि संध्याकाळी चालायला जातो.

त्यातच २०२५ च्या सप्टेंबरात सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हे सात टक्के वाचल्याच्या आनंदात माझं बजेट दहा हजारांनी वाढलं. सरकारचा हेतू हाच असावा.

दुकानं दोन प्रकारची. पेठेतल्या जुन्या दुकानात सायकली छताला टांगलेल्या असतात आणि मालक खाली स्टुलावर बसून पेपर वाचत असतो. "डोंगरावर चालवायला सायकल हवी," असं सांगितल्यावर त्याने पेपर खाली न करता विचारलं, "डोंगरावर कशाला? रस्ते संपले का?" नव्या प्रकारच्या दुकानात एसी असतो, कॉफीचं यंत्र असतं, आणि पोटरीवर सायकलीच्या चक्राचा टॅटू काढलेला एक मुलगा असतो. त्याने विचारलं, "सर, तुमचं रायडिंग प्रोफाइल काय?" मी म्हटलं, "सकाळचं." त्याने ते टॅबवर लिहून घेतलं. पुढचा प्रश्न वजनाचा होता. त्याचं उत्तर मी देण्याआधी बायकोने दिलं, आणि ते माझ्या उत्तरापेक्षा सहा किलोने जास्त होतं.

त्या मुलाला मात्र सायकल समजत होती, हे कबूल केलं पाहिजे. त्याचा दोष एकच. तो पाच हजारांच्या पायऱ्यांनी बोलायचा. "सर, ही चांगलीच आहे, पण पाच हजार वाढवले तर हायड्रॉलिक ब्रेक मिळतात." बरं. "आता इथवर आलोच आहोत तर आणखी पाचात मागे दहा गिअर येतात." ठीक. "आणि सर, एवढं सगळं घेऊन खाली कॉइलचा फोर्क म्हणजे..." तो वाक्य पुरं करत नसे. मध्यम किमतीच्या सायकलीत मधली जागाच नाही, सगळा जिना. खालच्या पायरीवर उभं राहिलं की वरचीच फक्त दिसते, आणि तिथे पोचलं की खालची सायकल एवढी टाकाऊ वाटते की काल आपण ती घ्यायला निघालो होतो यावर विश्वास बसत नाही.

या जिन्यावर सगळ्यांत जास्त गर्दी गिअरपाशी. भारतात सायकलीची प्रतिष्ठा गिअरच्या संख्येवर ठरते. पुढे तीन चक्रं, मागे सात, तीन साते एकवीस. सोसायटीतल्या नऊ वर्षांच्या मुलाकडे एकवीस गिअरची आहे. माझी घरी आल्यावर त्याने विचारलं, "काका, तुमच्या सायकलला किती?" "दहा." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तशी नजर मी बँकेत कर्जाला नकार देणाऱ्या साहेबाचीही पाहिलेली नाही. मग त्याने किंमत विचारली. ती ऐकून तो काही न बोलता आपल्या आईकडे गेला.

त्याला कोणी सांगावं की एकविसातले निम्मेअधिक गिअर एकमेकांच्या अंगावर पडतात? पुढचं मोठं चक्र आणि मागचंही मोठं चक्र अशी जोडी लावली की चेन तिरकी होऊन कुरकुरते, म्हणून त्या जोड्या वापरायच्याच नसतात. टेकडीवर अचानक चढ आला की डाव्या हाताने पुढची चक्रं, उजव्या हाताने मागची, असा दोन्ही हातांनी हिशेब करेपर्यंत सायकल थांबलेली असते. म्हणून नव्या पद्धतीत पुढे एकच चक्र, समजा ३२ दातांचं, आणि मागे ११ पासून ४६ दातांपर्यंतची उतरंड. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पायडल एक पूर्ण फेरा फिरलं की मागचं चाक पाऊणसुद्धा फिरत नाही. माणूस चालण्याच्या वेगाने, पण बसून, चढ चढतो. डावा हात मोकळा राहतो. त्याने घाम पुसता येतो.

गिअरच्या घराण्याचीही एक उतरंड आहे. शिमानो ही जपानमधल्या साकाईची कंपनी. १९२१ साली सुरू झाली ती साधं फ्रीव्हील बनवत. आज तिच्या माउंटन बाइकच्या गिअरची नावं माणसं पाढ्यांसारखी म्हणतात: टर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे, आणि त्याच्या वर एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर ही देवलोकातली मंडळी. खरेदीला सासरे बरोबर आले होते. दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, आणखी पाच हजारात देओरे मिळेल." सासऱ्यांनी कान टवकारले. "देवरे? धुळ्याचे का?" मग त्यांनी त्यांच्या ओळखीच्या एका देवरे मास्तरांची माहिती दिली, जी त्या मुलाने सभ्यपणे ऐकून घेतली.

या उतरंडीत एक गोम आहे, आणि ती जाहिरातीत नसते. बनवणाऱ्याला ठाऊक असतं की गिऱ्हाईक मागे वाकून फक्त गिअर बदलणारा मागचा डिरेलर बघतं. म्हणून तिथे वरच्या घराण्याचं नाव झळकतं, आणि चेन, शिफ्टर, बॉटम ब्रॅकेट, हब या न दिसणाऱ्या ठिकाणी स्वस्ताई उरकून घेतात. खरं विचारायचं असतं ते असं: मागच्या चाकाला आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील आहे की कॅसेट? फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं. त्याच्याबाहेर ॲक्सलचा मोठा तुकडा आधाराविना राहतो, आणि माझ्यासारखा वजनदार माणूस दगडावरून दणकत उतरला की तो वाकतो, कधी तुटतोही. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं, म्हणून ॲक्सल टिकतो. हा प्रश्न मी विचारला तेव्हा नव्या दुकानातला मुलगा एकदम खूश झाला आणि त्याने टॅब खाली ठेवला. जुन्या दुकानातल्या मालकाने तर पेपर खाली ठेवला.

आता शॉकअप. २० हजारांच्या आतबाहेर ज्या सायकलींना मागेही मोठी थोरली स्प्रिंग असते, त्यांच्याकडे पाहून माणसाचं मन हरखतं. दोन्हीकडे शॉकअप म्हणजे दुप्पट माउंटन, असा सरळ हिशेब. त्या स्प्रिंगेला आवर घालणारं आत काही नसतं. चढावर पायडल मारलं की पायातली ताकद चाकाकडे जायच्याऐवजी स्प्रिंगेकडे जाते आणि स्वार जागच्या जागी वरखाली होतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं काका फार जोरात चालवतायत. दोन्हीकडे शॉकअप असलेल्या चांगल्या सायकली असतात, पण त्या लाखांच्या भाषेत बोलतात. आपल्या बजेटात मागे शॉकअप नको, हा निकाल मी डोळे मिटून देतो.

पुढचा मात्र हवा, आणि तिथे कॉइल की एअर हा मोठा वाद. कॉइल म्हणजे आत लोखंडी स्प्रिंग. ती सरासरी वजनाच्या माणसाचा हिशेब धरून घातलेली असते. तुम्ही फार हलके असलात तर ती दबत नाही आणि भारी असलात तर दबलेलीच राहते. एअर फोर्कमध्ये स्प्रिंगेच्या जागी हवा. छोट्या पंपाने ती आपापल्या वजनाप्रमाणे भरायची. सायकलवर बसल्यावर फोर्क एकूण चालीच्या साधारण पाव हिस्सा दबला की जमलं. म्हणजे १०० मिलिमीटरचा असेल तर २५ च्या आसपास. वजनही किलोच्या हिशेबात कमी होतं. दुकानातल्या मुलाने हा मुद्दा जोरात मांडला. "मॅडम, एअर घेतला तर सायकल जवळजवळ एक किलोने हलकी होते." "किती जास्त पडतात?" "आठ हजार." बायको माझ्याकडे वळली. "अरे, तू तो किलो फुकट कमी कर ना." त्या मुलाच्या प्रशिक्षणात याचं उत्तर नव्हतं.

तरी मी म्हणेन, बजेटात बसत असेल तर एअर घ्याच, आणि पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. वाचवायची एक जागा म्हणजे हँडलवर बसवलेलं लॉकआउटचं बटण. आधी शॉकअप असावा म्हणून पैसे द्यायचे, मग तो बंद पाडता यावा म्हणून वेगळे द्यायचे, आणि तेही खाली न वाकता बंद पाडता यावा म्हणून आणखी वेगळे. फोर्कच्या डोक्यावरची साधी चावी पुरते. वाकणं हाही व्यायामच आहे.

ब्रेकबद्दल वाद नको. हायड्रॉलिक डिस्क. केबलने ओढायच्या डिस्कलाही लोक चांगलं म्हणतात आणि त्या वाईट नसतात, पण लांब उतारावर बोटं दुखून येतात आणि दर काही दिवसांनी केबल ताणावी लागते. हायड्रॉलिकला एक बोट पुरतं, आणि पॅड झिजतील तसा ब्रेक आपोआप जुळवून घेतो. फक्त त्या डिस्कला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांच्या सायकलीचा ब्रेक कुईकुई करत होता. त्यांना न सांगता, निव्वळ प्रेमापोटी, वॉचमनने त्यावर मशीनचं तेल सोडलं. आवाज थांबला. सायकल थांबायची मात्र बंद झाली. नवे पॅड घालावे लागले, आणि वॉचमन अजून म्हणतो की आवाज तर गेला ना साहेब.

चाकांचं गणित वेगळंच. २६ इंची मागे पडली, २७.५ आणि २९ राहिल्या. २९ चं मोठं चाक दगडांवरून सहज चढून जातं, २७.५ चपळ वळतं आणि बुटक्या माणसाला बरं पडतं. पुढे मी जे सांगतो आहे ते भाच्याला पटलं नाही, पण मोजून बघा. २९ इंची माउंटन बाइकची रिम टायर बसतो तिथे ६२२ मिलिमीटर व्यासाची असते. आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीवर '२८' लिहिलेलं असतं, तिची रिम ६३५ मिलिमीटर. म्हणजे किटल्या लावून गल्लोगल्ली फिरणारा माणूस वर्षानुवर्षं या आधुनिक २९ पेक्षा मोठ्या रिमवर बसलेला आहे. मोठेपणा येतो तो जाड टायरमुळे. भाचा म्हणाला, "मामा, पण जॉमेट्री वेगळी असते." हे खरं आहे. हे तो प्रत्येक गोष्टीला म्हणतो, हेही खरं आहे.

भाच्याच्या दोन लाखांना माझ्याकडे एक उत्तर होतं, आणि ते कॅलिफोर्नियातलं होतं. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत काही तरुणांनी डोंगरावरून मातीच्या वाटेने सायकली खाली सोडायची शर्यत लावली. सायकली कसल्या? तीसचाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या, पायडल उलटं दाबून ब्रेक लागणाऱ्या धूडसायकली. बऱ्याचशा अडगळीतून आणि भंगारातून काढलेल्या. उतार एवढा तीव्र की मागच्या हबमधलं ग्रीस तापून धूर व्हायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या शर्यतीचं 'रिपॅक' हे नाव त्या ग्रीस भरण्यावरूनच पडलं. त्यातल्याच जो ब्रीझने १९७७ साली डोंगरासाठी म्हणून वेगळी फ्रेम बांधली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर कारखान्यातून तयार होऊन दुकानात आली, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकची शर्यत झाली. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं. "मग?" मी भाच्याला म्हटलं. "त्या पोरांनी हेड अँगल किती अंश ते मोजलं होतं का?" भाचा म्हणाला, "मामा, त्यांच्याकडे पर्यायच नव्हता." तेच तर. काय नशीबवान पोरं!

आम्हाला पर्याय होते. ट्रेक, जायंट, मेरिडा, स्कॉट, रॉकरायडर, फायरफॉक्स. एकीकडे अमेरिकन नाव, दुसरीकडे तैवानचं, तिसरीकडे फ्रेंच दुकानाचं. यादी करायला बसलं की कळतं की एकाच किमतीच्या सायकलींत फरक फार थोडा असतो. एकाने फोर्क चांगला दिलेला असतो आणि ब्रेक हलका, दुसऱ्याने उलट. मी एक तक्ता केला. बायकोने त्यावर किराण्याची यादी लिहिली. तक्त्यापेक्षा ती उपयोगी निघाली.

त्यापेक्षा मापाकडे लक्ष द्यायला हवं होतं, आणि सगळ्यांचं दुर्लक्ष नेमकं मापाकडे. दुकानात ज्या मापाची सायकल शिल्लक असते तेच तुमचं माप निघतं. "सर, तुम्ही परफेक्ट मीडियम." माझ्या मागून आलेला, माझ्याहून चांगला सहा इंच उंच मुलगाही परफेक्ट मीडियम निघाला. "सीट वर घेऊ की!" सीट वर घेतल्याने हँडल लांब जात नाही, हे दुकानदाराला कोण सांगणार? दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून, वरची नळी पायांमध्ये घेऊन उभं राहा. नळीच्या वर दोनेक इंच मोकळे राहिले पाहिजेत. डोंगरात उतरायची वेळ ध्यानीमनी नसताना येते, तेव्हा या दोन इंचांचं मोल कळतं. त्याबद्दल छापील मजकुरात यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

चाचणी हाही एक विनोदच. डोंगराची सायकल तपासायची कुठे, तर दुकानासमोरच्या डांबरी गल्लीत. लांबी शंभरेक फूट, मध्ये एक स्पीडब्रेकर. तो स्पीडब्रेकर अख्ख्या सह्याद्रीचा प्रतिनिधी म्हणून उभा. त्यावरून जाऊन आल्यावर दुकानदार विचारतो, "कसं वाटलं?" माणूस म्हणतो, "स्मूद." दुसरं कोणी काही म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि त्या फेरीत एक गोष्ट मात्र जरूर बघावी: पुढचा ब्रेक कुठल्या हातात आहे. आपल्याकडे तो उजव्या हाताला असतो, अमेरिकी पद्धतीत डाव्या. मुरमाच्या उतारावर ही माहिती मिळवायची नसते.

मुरमाबद्दल सांगायलाच हवं, कारण सायकल निवडायची ती त्याच्यासाठी. पुण्याच्या टेकड्या बेसॉल्टच्या. वेताळ टेकडी या सगळ्यांत उंच, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. म्हणजे शहरापासून जेमतेम दोन-अडीचशे मीटर वर. उंची किरकोळ, पण कातळ झिजून त्याचा मुरूम होतो आणि तो घट्ट कातळावरच पसरून राहतो. कातळावरचा मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेला साबुदाणा. त्यावर गुळगुळीत टायर टिकत नाही आणि दगडासारखा फुगवलेला टायर तर मुळीच टिकत नाही. पण आपल्याकडे हवा भरणाऱ्याचा धर्म असा की अंगठ्याने दाबून टायर टणक लागेपर्यंत पंप सोडायचा नाही. "मऊ ठेवा," म्हटलं की त्याला आपल्या हिताची काळजी वाटते. रुंद टायरला सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसासाठी २५ ते ३० पीएसआयच्या आसपास पुरतं. मी तेवढीच भरायला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पंक्चर झाली वाटतं."

पंक्चर तर होतेच. टेकडीवर बाभळी, बोरी आणि त्यांचे काटे. परदेशातल्या परीक्षणांत या काट्यांना जागा नसते, म्हणून आपल्याला प्रश्न सुचत नाही: रिम आणि टायर ट्यूबलेस करता येण्याजोगे आहेत का? असतील तर ट्यूब काढून आत पांढरं सीलंट घालायचं. काटा घुसला की ते बाहेर येऊन भोक बुजवतं. सासऱ्यांनी पहिल्यांदा ते भरताना पाहिलं आणि विचारलं, "गाईचं की म्हशीचं?" उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं, मग पुन्हा घालावं लागतं. तरीही हे करून घ्याच. यापेक्षा जास्त उपयोगाचा खर्च या सगळ्या व्यवहारात मला दिसला नाही, आणि गंमत म्हणजे दुकानात याचा आग्रह कोणी केला नाही.

तर निकाल असा. ४५ ते ५५ हजारांच्या दरम्यान फक्त पुढे शॉकअप असलेली, २९ इंची, हायड्रॉलिक डिस्कची, कॅसेट हबची, पुढे एकच चक्र असलेली सायकल घ्या. एअर फोर्क मिळाला तर उत्तम, नाही तर कॉइलवर भागवा आणि मागचा डिरेलर वरच्या घराण्याचा नाही म्हणून झुरू नका. माप बसत नसेल तर पाच हजारांची सूटही घेऊ नका. खिशातले सगळे पैसे सायकलीत घालू नका. पाच-सहा हजार हेल्मेट, हातमोजे, पंप आणि सीलंटसाठी बाजूला ठेवा. आणि घेतानाच मागच्या डिरेलरचा एक जादा हँगर मागून घ्या. सायकल उजव्या अंगावर पडली की फ्रेम वाचावी म्हणून हा हँगर मुद्दाम वाकायलाच केलेला असतो, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, आणि हवा असतो तेव्हा गावात नसतो.

एवढी खटपट करून टेकडीवर गेलात की तिथे आधीपासून माणसं चालत असतात. रोज, वर्षानुवर्षं, आपापल्या वाटेने, आपापल्या विषयांवर भांडत. वाट त्यांची आहे. उतारावर माणसं दिसली की वेग कमी करा, गरज पडली तर उतरा, आणि मागून हाक द्या. वनखात्याची पाटी सायकल नको म्हणत असेल तर नेऊ नका. पावसाळ्यात तर हात जोडून विनंती आहे. ओल्या वाटेवर चाक गेलं की चर पडते, पुढच्या सरीत तिचा ओहोळ होतो, आणि त्यात मग कोणाची तरी आजी घसरते. पाऊस थांबल्यावर वाट वाळायला दोन-तीन दिवस द्या. तोवर चालवायचीच असेल तर शहरातले रस्ते आहेत. तिथे मात्र १०० मिलिमीटरचा शॉकअप कमी पडतो.